नव्या ग्रंथपालाची निवड

आमच्या तालुक्यातल्या वाचनालयांचा छोटासा संघ आहे. त्याच्या बैठकीत गेल्या वर्षी मी एक विषय मांडला. १२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाला या कामात नव्यानं आलेल्या एकाचा सत्कार करावा, आणि तो नीट निवड करून करावा. बीड जिल्ह्यात वाचनालयाच्या कामात माझी हयात गेली. एवढ्या वर्षांत मी ग्रंथपालांचे जे सत्कार पाहिले ते बहुतेक निरोपाचे होते. शासनाचे पुरस्कार आहेत, त्यांचा मान मोठा आहे. उत्कृष्ट ग्रंथालयासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा आणि कार्यकर्ते व सेवकांसाठी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा ग्रंथमित्र पुरस्कार. पण तिथवर पोचेपर्यंत माणसाचे केस पांढरे होतात. खरी गळती त्याच्या खूप आधी होते.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातलं वाचनालय बहुधा ड वर्गाचं असतं. सगळा कारभार एकटा ग्रंथपाल बघतो. तोच कुलूप काढतो, तोच झाडतो, तोच दाखल नोंदवही लिहितो, वर्तमानपत्रं लावतो आणि वार्षिक अहवालही भरतो. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, त्यातलं निम्मं पगारावर आणि निम्मं पुस्तकं, नियतकालिकं, वीज, भाडं यांवर. हाती पडणाऱ्या पगारात घर चालत नाही. तरीही दरवर्षी पाच-दहा तरुण मुलं-मुली हौसेनं येतात, आणि त्यातली चांगली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निघून जातात. कुणी पतसंस्थेत, कुणी पुण्याला कंपनीत. पैशाचं कारण खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण निघताना मला भेटायला आलेल्या मुलांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असायची. आपण काय करतो ते कुणी पाहिलंच नाही, ही.

बैठकीत एकजण म्हणाले, नव्या माणसाचा सत्कार कशाला, त्यानं अजून केलंय काय? मी त्यांना रंगनाथनांचीच गोष्ट सांगितली. गणिताचा हा तरुण प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून आला आणि सुरुवातीच्या दिवसांतच इतका कंटाळला, की परत शिकवायला घ्या म्हणून आपल्या प्राचार्यांकडे गेला. पुढे प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्यावर त्याला या कामाची गोडी लागली. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ साली आले, पुस्तकं विषयवार लावण्याची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत १९३३ साली. पहिल्या वर्षी त्याला कुणी थोपवलं नसतं, तर आज १२ ऑगस्टला आपण कुणाची जयंती केली असती? विषय मंजूर झाला आणि निवड समिती तिघांची ठरली. महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक ग्रंथपाल सर, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाई आणि मी.

पहिलीच गोष्ट ठरवली ती अशी, की अर्ज मागवायचे नाहीत. अर्ज मागवले की फाइली येतात. फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं, सरपंचांचं पत्र. ज्याला फाइल चांगली लावता येते तो पुढे जातो आणि जो दिवसभर वाचकांत असतो त्याच्याकडे फोटो काढायला कुणी नसतं. म्हणून आम्ही वाचकांकडून आणि शेजारच्या गावांतल्या ग्रंथपालांकडून नावं मागवली. नोकरीला पाच वर्षं झालेली नसावीत, एवढीच अट. नाव सुचवणाऱ्यानं एका पानात लिहायचं, की या माणसानं केलेली एक गोष्ट सांगा, जी त्याच्या आधी तिथं होत नव्हती.

भेटींना कळवून जायचं की न कळवता, यावर बराच वेळ गेला. सरांचं म्हणणं, अचानक गेल्याशिवाय खरं दिसत नाही. बाईंना ते पटेना. आपण निरीक्षक नाही, पाहुणे म्हणून चाललोय, असं त्या म्हणाल्या. शेवटी ठरलं, की दारावरच्या फळीवर जी वेळ लिहिली असेल त्या वेळेला जायचं. वाचनालय त्या वेळेला उघडं असणं हीच पहिली परीक्षा. आत गेल्यावर आधी देवघेव नोंदवही मागायची. दाखल नोंदवही आणि किर्द तपासायला शासनाची माणसं आहेतच. आम्हाला पाहायचं होतं ते एवढंच, की पुस्तक कपाटातून निघून कुणाच्या हाती जातं, आणि ते तिथपर्यंत नेण्यासाठी या नव्या माणसानं स्वतःचं डोकं किती लावलं.

ज्या दोघांबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, ते दोघंही सत्काराच्या तोडीचे होते. एकानं तालुक्याच्या गावी सगळा संग्रह ई-ग्रंथालय या सरकारी संगणक प्रणालीत एकट्यानं चढवला होता. आधीच्या माणसानं सगळ्या मराठी पुस्तकांना सरसकट ८९१.४६ हा मराठी साहित्याचा वर्गीकरणाचा आकडा दिला होता. म्हणजे कविता, नाटक, कादंबरी, सगळं एकाच फळीवर. या मुलानं पुस्तक उघडून, चाळून कादंबऱ्या ८९१.४६३ खाली नेल्या, शेतीची पुस्तकं ६३० मध्ये आणली. हे काम बाहेरून दिसत नाही, पण वाचकाचा वेळ त्यामुळंच वाचतो. दुसऱ्यानं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली होती आणि रात्री उशिरापर्यंत तो स्वतः तिथं बसत होता.

तिसरं नाव बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावातून आलं. नाव सुचवणारं पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. त्यात होतं, ‘ताई आमच्या टोळीला पुस्तकं देते.’

आमच्या भागात टोळी म्हटलं की ती ऊसतोडीची, हे वेगळं सांगावं लागत नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरदार बंद करून कारखान्याला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत. गावात म्हातारी माणसं राहतात. हंगामी वसतिगृहात काही मुलं थांबतात, बाकीची आई-बापांबरोबर जातात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढतात. त्या काळात गावातल्या वाचनालयाची देवघेव निम्म्यावर येते. माझ्या नोकरीत मी ते वर्षानुवर्षं पाहिलं, आणि हंगामात असं व्हायचंच, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो.

वाचनालय ग्रामपंचायतीच्या शेजारच्या एका खोलीत होतं. फळीवर सायंकाळी चार ते सात लिहिलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि आत मुलांची गर्दी होती. ग्रंथपाल म्हणजे पंचविशीच्या आतली मुलगी, बी.ए. झालेली, ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केलेली. आम्ही कोण ते सांगितलं तेव्हा तिनं आधी हातातल्या मुलाचं पुस्तक नोंदवून घेतलं आणि मग आम्हाला बसायला सतरंजी टाकली.

देवघेव नोंदवही सरांनी मांडीवर घेतली. वहीत नेहमीचे रकाने होते. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परतीची तारीख. ऑक्टोबरच्या पानांवर सर थांबले. पानंच्या पानं भरलेली होती, आणि परतीच्या रकान्यात तारखेच्या जागी लिहिलं होतं, ‘पट्टा पडल्यावर’. खाली-खाली सगळीकडे तेच, वळणदार अक्षरात.

‘हे काय?’ सरांनी विचारलं.

‘टोळीची पुस्तकं, सर.’

मग तिनं सगळं दाखवलं. खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या, एका टोळीला एक. पिशवीच्या आत पुस्तकांची यादी शिवलेली. प्रत्येक टोळीतल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर ती पिशवी, आणि जबाबदारीही त्याचीच. मोठ्यांच्या नावावर दिली तर ती पेटीत कुलूपबंद राहते, लेकरांच्या नावावर दिली तर उघडली जाते, हे तिला पहिल्याच हंगामात कळलं होतं. जाताना पिशवी सामानाबरोबर ट्रॅक्टरमध्ये टाकून न्यायची, हे मुकादमांशी बोलून तिनंच ठरवून घेतलं होतं.

पुस्तकं निवडण्याची तिची रीत मला फार आवडली. नुसत्या डिंकानं चिकटवलेल्या बांधणीची पुस्तकं कोपीत टिकत नाहीत, पानं सुटतात, हे पाहून ती दोऱ्यानं शिवलेली किंवा पिना मारलेली पुस्तकंच पाठवायची. कोपीत उजेड कमी, म्हणून ठसठशीत अक्षरांची. चित्रांची काही, गोष्टींची जास्त, बायकांनी मागितलेला हरिपाठ, पुरुषांसाठी शेळीपालनाची पुस्तिका. प्रत्येकाला खताच्या गोणीतल्या आतल्या प्लॅस्टिकचं कव्हर.

आणि परत आल्यावरची रीत तर मी कुठल्याच ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ऐकली नव्हती. पिशवी आली की ती पुस्तकं पुसायच्या आधी एकेक उघडून पाहायची. चुलीच्या काजळीचे अंगठे कुठपर्यंत गेलेत ते बघायची. एका गोष्टींच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत कोपऱ्यात काळे ठसे होते, लहान बोटांचे आणि मोठ्या बोटांचेही. दुसऱ्या एका पुस्तकाचे ठसे नवव्या पानावर संपले होते. ‘हे कुणाला आवडलं न्हाई बघा,’ ती म्हणाली. कुठलं पुस्तक किती मळलं याची तिनं वेगळी वही ठेवली होती, आणि पुढच्या हंगामाच्या पिशव्या त्या वहीवरून भरल्या जात होत्या. बाईंनी ते मळकं पुस्तक किती तरी वेळ हातातच धरलं होतं.

सरांचा मुद्दा मात्र राहिला होता. वाचनालयाचं पुस्तक ही सार्वजनिक मालमत्ता. सहा महिने ते गावाबाहेर, तेही नगर, सांगली, कोल्हापूर आणि पार कर्नाटकापर्यंत. हरवलं तर? ती गप्प उठली आणि कार्यकारी मंडळाच्या सभेची इतिवृत्त वही घेऊन आली. त्यात ठराव होता. टोळीच्या सभासदांना हंगाम संपेपर्यंत पुस्तकं द्यावीत, परत न आलेल्यांची यादी वैशाखात मंडळापुढे ठेवावी आणि मंडळानं ती रीतसर बाद करावीत. खाली सगळ्यांच्या सह्या. हा ठराव होण्यासाठी तिला मंडळातल्या एकेकाच्या घरी जावं लागलं होतं. काही पुस्तकं खरंच आली नव्हती, त्यांची यादीही होती.

‘सर, पुस्तक न्हाई आलं तर एक पुस्तक जाईल,’ ती म्हणाली. ‘पर न्हाई दिलं तर सहा महिने लेकराच्या हाताला अक्षर लागत न्हाई. परत शाळेत आलं की ते बुजतंय, मागं बसतंय. मग शाळाच सोडतंय.’

परतताना जीपमध्ये आणि नंतर माझ्या घरी आमचा वाद झाला. बाईंचा कल संगणकवाल्या मुलाकडे होता. त्याचं काम टिकाऊ आहे, तो उद्या गेला तरी तालिका मागे राहील, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गंमत म्हणजे, सर आता टोळीच्या पिशवीच्या बाजूनं बोलत होते. त्यांना पटवलं ते इतिवृत्त वहीनं. नियम मोडणारे उत्साही लोक त्यांनी खूप पाहिले होते; नियमात बसेल अशी नवी वाट मंडळाकडून मंजूर करून घेणारं नवं माणूस त्यांना क्वचितच भेटलं होतं.

मी मला ठाऊक असलेले दोन दाखले पुढे ठेवले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं, तेव्हा खेड्यांसाठी पुस्तकांच्या लाकडी पेट्या भरून पाठवल्या जात. आणि तमिळ मुलखात मन्नारगुडीला १९३१ साली बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय निघालं, शेतात राबणाऱ्यांपर्यंत पुस्तक नेण्यासाठी. या मुलीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिनं आपल्या गावाकडे पाहिलं आणि ती त्याच जागी पोचली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे रंगनाथनांचे सिद्धांत आम्ही परीक्षेत पाठ करून लिहिलेले.

सरांनी मराठवाड्याची आठवण काढली. आपल्याकडे महाराष्ट्राचा १९६७ चा ग्रंथालय कायदा लागू झाला, त्याआधी हैदराबाद राज्याचा १९५५ चा होता. पण वाचनालयं त्याहून जुनी. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागायची, मराठी शाळा मोजक्या होत्या, तेव्हा आपल्या माणसांनी वर्गण्या काढून वाचनालयं चालवली ती अक्षर हातातून सुटू नये म्हणूनच. ‘ही पोरगी तेच करायली,’ सर म्हणाले. बाईंनी त्यावर थोडा विचार केला आणि होकार दिला, एका अटीवर. संगणकवाल्या मुलाचं काम मानपत्राच्या कार्यक्रमात सगळ्यांपुढे सांगितलं जावं आणि त्यानं तालुक्यातल्या बाकीच्यांना ई-ग्रंथालय शिकवावं, त्याचा प्रवासखर्च संघानं द्यावा. ही अट मला निवडीइतकीच महत्त्वाची वाटते.

सत्कार म्हणजे द्यायचं काय, हा पुढचा प्रश्न. मी तिलाच विचारलं. शाल नको असं ती म्हणाली नाही. ‘आईला बरं वाटंल,’ म्हणाली. पण खरी गरज बांधणीची होती. चांगली गोष्टींची पुस्तकं डिंकाच्या बांधणीत येतात, ती शिवून घेतली तर टोळीला देता येतील. आणि तिला बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करायचं होतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून ते करता येतं, पण फी साठत नव्हती. तालुक्यातल्या वाचनालयांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि जुन्या ग्रंथपालांनी खिशातून पैसे काढले. फी भरली आणि उरलेले बांधणीवाल्याकडे जमा केले.

मानपत्र मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात ज्ञानदान, व्रत, तपश्चर्या असे शब्द आले होते. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, हे कुणालाही चालेल. मग सगळी विशेषणं काढली आणि फक्त तिनं काय केलं ते लिहिलं. गोणीच्या पिशव्या, शिवलेली पुस्तकं, मळलेल्या पुस्तकांची वही, मंडळाचा ठराव. एक पान भरलं. नव्या माणसाला उद्या दुसरीकडे नोकरीसाठी जायचं झालं, तर त्या पानावरून समोरच्याला कळलं पाहिजे की हे माणूस कसा विचार करतं. त्याची एक प्रत आम्ही जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडेही पाठवली.

कार्यक्रम तालुक्याला न घेता तिच्या गावातच घेतला. १२ ऑगस्टला टोळ्या गावात असतात, शेतात खुरपणी चाललेली असते. म्हणून संध्याकाळी, माणसं रानातून आल्यावर, मारुतीच्या पारापुढे. पाहुणा बोलावला नाही. वाचकांनीच बोलायचं ठरलं होतं. मुकादम दोन वाक्यं बोलून खाली बसले. एक बाई उठल्या, पदर सावरत म्हणाल्या, ‘दिवसभर मोळ्या वाहून अंग आंबून जायचं. रात्री लेक चुलीपुढं बसून वाचायची. आमच्या कोपीत शेजारच्या कोपीतल्या बायाबी येऊन बसायच्या. एक गोष्ट अर्धी राहिली अन् झोप लागली, तर फडात ऊस तोडताना पुढं काय झालं असंल त्याच्यावर आमी भांडायचो.’ लोक हसले, त्याही हसल्या. मानपत्रात पिशव्यांचा उल्लेख आला तेव्हा मागे बसलेल्या मुलांनी आपापल्या टोळीचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली आणि मला वाचन थांबवावं लागलं.

तिनं स्वतः फार थोडं सांगितलं, पण त्यात एक मागणी होती. पिशवीतली पुस्तकं दिवाळीनंतर महिन्या-दोन महिन्यांत वाचून संपतात. कारखान्याच्या गावात वाचनालय असतं, पण आमच्या लेकरांना तिथं कुणी सभासद करून घेत नाही, कारण त्यांचा तिथला पत्ता नसतो. आपल्या वाचनालयाच्या ओळखपत्रावर तिथल्या वाचनालयानं पुस्तक द्यावं, हमी आपण घेऊ. एवढं संघानं करावं.

आम्ही लागलीच पत्रं लिहायला घेतली. टोळ्या कुठल्या कारखान्यांना जातात त्याची यादी तिनं मुकादमांकडून काढून दिली, सरांनी त्या गावांतल्या वाचनालयांचे पत्ते मिळवले. काहींनी उत्तरच दिलं नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. अनामत न घेता पुस्तकं देऊ म्हणाल्या, फक्त मुलांची नावं आणि कोप्या कुठं पडणार ते हंगामाआधी कळवा. त्या नावांची यादी आता तयार होते आहे. बांधणीवाल्याकडून पुस्तकांचा पहिला गठ्ठा आला आहे, दुसरा दसऱ्याच्या आत हवा म्हणून त्याच्यामागे तगादा लावला आहे. पुढच्या ग्रंथपाल दिनासाठी नावं मागवणारं पत्रही निघालं आहे. या खेपेला निवड समितीत तिसऱ्या जागी मी नाही, ती आहे.